सातवा फर्मा

बाइंडरने जुळणीचा दर प्रतीमागे दीड रुपया सांगितला, तेव्हा प्रफुलभाऊंनी तिथंच उभ्याउभ्या ठरवलं की जुळणी घरी करायची. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'कारभारी' होतं. देवाने दिलेला पैसा ख्रिस्ती माणसाने कसा वापरावा यावर एकशे साठ पानं लिहायची आणि वर कागद एकावर एक ठेवण्याचे नऊशे रुपये दुसऱ्याला द्यायचे, हे त्यांना पटेना. पोचू बाइंडरने फक्त चिकटवावं आणि कव्हर घालावं, असा करार झाला.

जुळणीचं काम समजायला सोपं आहे. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घातली की एक फर्मा होतो. असे दहा फर्मे क्रमाने ठेवले की एकशे साठ पानांचं पुस्तक. नागपूरहून छापून आलेली पुस्तकं दोन होती. दुसरं त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचं, रिनाचं. 'माझी चंचल'. ऑटिझम असलेल्या लेकीबरोबर काढलेल्या वीस वर्षांची ती हकीकत होती आणि तिचेही फर्मे दहाच होते. फरक संख्येत होता. प्रफुलभाऊंनी स्वतःचं पुस्तक सहाशे छापून घेतलं होतं, रिनाचं तीनशे. त्यांचीही सध्या तीनशेच बांधायची होती. उरलेले फर्मे कोठीत राहणार होते. न विकलेल्या पुस्तकाला कव्हर घालू नये, हे त्यांनी पान एकशे एकतीसवर लिहिलं होतं.

जुळणी चंचलने केली. ती तेवीस वर्षांची, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करणारी. तिने ओसरीवर गठ्ठे मांडले आणि चार संध्याकाळी त्यांच्या कडेने चालत एकेक फर्मा उचलला. मदतीला बसलेल्या आदेशला, म्हणजे बापाला, तिने अकराव्या प्रतीनंतर उठवलं. त्याने एक फर्मा उलटा ठेवला होता.

"बाबा, तू टीव्ही पाह्य," ती म्हणाली.

"सहाशे प्रतीत एक चूक नाई," प्रफुलभाऊ सणाच्या सकाळपर्यंत भेटेल त्याला सांगत होते. "मशीनलेही जमणार नाई."

*

वडशाच्या चर्चमध्ये हंगामाचा सण नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो आणतो आणि वेदीपुढच्या लांब टेबलावर ठेवतो. उपासना झाली की बाहेर मांडवात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. टेबलावर ठेवलेली वस्तू देवाची झाली. ती परत न्यायची तर बोली लावूनच.

या वर्षी उपासना आणि लिलाव यांच्यामध्ये दोन्ही पुस्तकांचं प्रकाशन घातलं होतं. प्रफुलभाऊंनी कोटाच्या खिशातून चार लिफाफे काढून दाखवत वीस मिनिटं भाषण केलं. रिनाने भाषण करायला नकार दिला होता. तिच्या पुस्तकातली तीन पानं वाचायचं काम थोरल्या नणंदेकडे, रुखमाबाईंकडे होतं. रुखमाबाई मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि काहीही वाचलं तरी डॉक्टरांना चार्ट वाचून दाखवल्यासारखं वाचत.

पानं रिनानेच निवडली होती. शहाण्णव ते अठ्ठ्याण्णव. गडचिरोलीच्या बसस्टँडवरचा तो दिवस. चंचल सोळा वर्षांची होती, एकदम चार बसगाड्यांचे हॉर्न वाजले आणि ती बाकाखाली शिरली. पुढे जे झालं ते लिहिताना रिना तीन वेळा रडली होती. चंचल तीन वर्षांची असताना रिनाला ऑटिझमबद्दल मराठीत वाचायला एक पान मिळालं नव्हतं. कोणी बाहेरचं आहे म्हणालं, कोणी आईबापाचं पाप म्हणालं, आणि याच चर्चमधल्या दोघींनी तिला चाळीस दिवसांचा उपास सांगितला होता. त्या दोघी आज दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. रिनाला त्यांचे चेहरे बघायचे होते.

रुखमाबाईंनी चष्मा लावला.

"'ती बाकाखाली गेली. आजूबाजूची माणसं जवळ येऊ लागली. मी मनात देवाला विचारलं, प्रभू, या लेकराचं मी...'" त्या समोरच्या पानावर आल्या. "'...चार लिफाफ्यांत वाटप करावं. पहिला लिफाफा देवाच्या दशांशाचा, त्याला हात लावू नये. दुसरा किराण्याचा. तिसऱ्यात गॅस, वीज आणि औषधं. चौथा अडीअडचणीचा, तो कपाटात कुलूप लावून ठेवावा.'"

रिनाला आधी वाटलं, आपल्यालाच चक्कर आली आहे.

रुखमाबाई थांबल्या नाहीत. चार्टमध्ये जे लिहिलं आहे ते वाचायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. महिन्याच्या शेवटी दुसऱ्या लिफाफ्यात काही उरल्यास ते चौथ्यात टाकावं इथपर्यंत त्यांनी वाचलं, पुस्तक मिटलं, आणि म्हणाल्या, "वाचन संपलं."

मागून कोणीतरी खड्या आवाजात आमेन म्हणालं. दुसऱ्या रांगेतल्या दोघींपैकी एक डोळे पुसत होती.

"बहिणीनं दुःखातून किती व्यवहाराची गोष्ट सांगितली," पाळकसाहेब माईकवर म्हणाले. ते नेहमी अर्धंच ऐकत. "आता मंडळीनं मांडवात चलावं."

*

पाळकांच्या खोलीचं दार प्रफुलभाऊंनी आतून लावलं.

"पोचूनं घोळ केला. मी त्याले एक पैसा देणार नाई."

"पोचूनं फक्त चिकटवलं भाऊ," आदेश म्हणाला. "जुळणी तर आपल्या घरी झाली."

"चंचल चुकत नाई."

"तेच म्हणून राह्यली मी," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांनी येता येता स्टॉलवरून रिनाच्या पुस्तकाच्या पाच प्रती उचलून आणल्या होत्या. त्या त्यांनी टेबलावर ओळीने ठेवल्या आणि प्रत्येकीचं पान सत्त्याण्णव उघडलं. पाचही ठिकाणी चार लिफाफे निघाले. "चूक इथंतिथं होते. पाचाच्या पाच प्रतीत एकाच जागी होत नाई. हे कोणीतरी समजून केलं आहे. बोलव पोरीले."

चंचल चिंचेखाली बसली होती. मांडवातल्या भोंग्याचा आवाज तिला सहन होत नाही, म्हणून सणाला ती दरवर्षी तिथंच बसते. आदेशने बोलावल्यावर ती आली आणि दाराजवळ उभी राहिली.

"चंचल," रिनाने विचारलं, "सातवा फर्मा कुठी आहे?"

"कोणाचा? तुझा का मोठेबाबाचा?"

"माझा."

"तुझा मी काढला. तिथं मोठेबाबाचा टाकला. त्यांचे तीनशे फर्मे कोठीत पडूनच होते."

"अगं पण टाकला काऊन?" प्रफुलभाऊ म्हणाले. "काढला तं काढला."

"कव्हरची पाठ नऊ मिलिमीटरची छापली आहे. नऊ फर्म्यावर ते सैल बसते. दहाच लागतात."

प्रफुलभाऊंना या उत्तरात दोष सापडेना. ते खुर्चीवर बसले.

"मले विचारायचं तरी होतं," रिना म्हणाली.

"मी सांगतलं होतं. बुधवारी. मी म्हटलं, आई, सातव्या फर्म्यात माझं आहे, ते नको. तू म्हणाली, आता नको बोलू, कणीक मळून राह्यली."

रिनाला कणीक आठवली. बोलणं आठवलं नाही.

"ते सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण आहे बेटा. एखादी आई असंच लेकरू घेऊन बसस्टँडवर उभी असंल, तिले कळलं पाहिजे का ती एकटी नाई."

"त्यात लिवलं आहे का माझे कपडे ओले झाले. मग तू नळावर माझा कुर्ता काढून धुतला. लोक उभे होते." चंचल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होती. "मी मोजले होते. तिथं चाळीस लोक होते. पुस्तकं तीनशे. एक पुस्तक चार लोक वाचतात, मोठेबाबा म्हणाले. म्हणजे बाराशे. चाळीस लोकाईनं पाह्यलं ते होऊन गेलं. आता बाराशे लोकाईनं काऊन पाहायचं?"

बाहेर कोंबड्याची बोली अडीचशेवर गेल्याचं ऐकू आलं.

"बरोबर म्हणते ते," रुखमाबाई म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात पेशंटचा कागद आम्ही सख्ख्या भावालेही दाखवत नव्हतो."

"बाई, तुमी वॉर्डातून घरी जात होत्या," रिना म्हणाली. "मी वीस वर्षं वॉर्डातच आहो. माझंही काही आहे का नाई त्यात?"

"तुझं आहे. कुर्ता तिचा आहे."

"आणि फर्मे माझे आहेत," प्रफुलभाऊ म्हणाले. एरवी ते रिनाच्या बाजूने सहसा उभे राहत नसत, पण आता दोघांचं नुकसान एकाच जागी झालं होतं. "पोचूकडून तीनशे प्रती उकलून घेऊ. माझे फर्मे मले, हिचे हिले. चंचल, काढलेले फर्मे कुठी ठेवले?"

"दहा किलो तांदळाच्या रिकाम्या थैलीत. तोंड शिवून कोठीत ठेवली."

आदेश, जो आतापर्यंत दोन्ही बाजूंना मान हलवत होता, मान हलवायचा थांबला.

"निळ्या रंगाची थैली?" त्याने विचारलं.

"हो."

"दारामागची?"

"हो."

आदेशचं पंपाच्या मोटारींची तार गुंडाळायचं दुकान आहे आणि सकाळी सणाचं सामान टेम्पोत भरताना त्याचं डोकं एका जळालेल्या पंपात होतं. निळी थैली त्याने उचलली होती. हाताला विटांसारखं काहीतरी कडक लागलं होतं. त्याने यादीत लिहिलं होतं: गूळ, एक थैली.

"भाऊ," तो म्हणाला, "ते तं देवाच्या टेबलावर गेली."

*

प्रफुलभाऊ मांडवात पोचले तेव्हा थैली ताणकाट्याला लटकत होती. लिलाव करणारा लच्छू आठवडी बाजारात कापड विकतो आणि सणाच्या दिवशी तोच आवाज देवासाठी वापरतो.

"आदेशभाऊच्या घरचा गूळ. साडेपाच किलो. काळा का पिवळा ते घरी जाऊन पाहा. दोनशेपासून बोला."

प्रफुलभाऊंनी पाळकसाहेबांना गाठलं आणि थैली चुकून आली आहे असं हळूच सांगितलं. आत काय आहे ते सांगितलं नाही. पाळकसाहेब प्रेमाने हसले. टेबलावरची वस्तू परत देण्याचा पायंडा पडला तर उद्या लोक कोंबडे परत मागतील, असं ते म्हणाले. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या सभेत प्रफुलभाऊंनी स्वतः म्हटलं होतं.

"दोनशे," प्रफुलभाऊ म्हणाले.

"दोनशे दहा," मुखरूभाऊ म्हणाले.

मुखरूभाऊ वनखात्यातून निवृत्त झालेले. गुळाची त्यांना गरज नव्हती, डॉक्टरने साखर वर्ज्य केली होती. पण प्रफुलभाऊंनी बोली लावलेली वस्तू त्यांना चांगलीच वाटत असे.

"तीनशे."

"तीनशे दहा."

"तीनशे वीस," असा आवाज डावीकडून आला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. चंचल भोंग्याच्या खांबाजवळ उभी होती.

पाचशेपर्यंत तिघं होते. सातशेला मुखरूभाऊंना शंका आली. साडेपाच किलो गूळ वडशाच्या बाजारात तीनशेला मिळतो. घरचेच दोघं घरच्याच गुळासाठी भांडतायत, म्हणजे आत गूळ नाही हे त्यांनी ओळखलं. पण आत काय आहे हे न कळता सातशे देणं त्यांना जिवावर आलं, आणि ते खाली बसले.

"आठशे," प्रफुलभाऊ म्हणाले.

"आठशे दहा."

"चंचल, ऐक माह्यं. मी तुह्यासाठीच घेऊन राह्यलो."

"नाई. तुमी आईसाठी घेऊन राह्यले. आठशे दहा."

"घरातल्या गोष्टी घरात," लच्छू म्हणाला. "इथं फक्त आकडे."

हजाराला प्रफुलभाऊंनी कोटातला दुसरा लिफाफा उघडला. बाराशेला तिसरा. आपल्या पुस्तकात त्यांनी लिलावावर वेगळा परिच्छेद लिहिला होता, बोली लावताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये असा, आणि आता त्यांना दिसत होतं की समोरची ती कधीच कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. आपली सगळी शिकवण आपल्यावरच चालून आल्यासारखं त्यांना वाटलं. ती दर वेळी फक्त दहा वाढवत होती. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. तेराशेनंतर त्यांचा हात चौथ्या लिफाफ्याकडे गेला.

"मोठेबाबा," चंचल म्हणाली, "चौथा लिलावासाठी नाई. पान शंभर."

मांडव हसला. मुखरूभाऊ सर्वांत जास्त वेळ हसले. प्रफुलभाऊंनी लिफाफा उघडला.

"चौदाशे."

"चौदाशे दहा."

रिना मागे उभी होती. प्रफुलभाऊंनी जिंकावं असं तिला वाटत होतं. फर्मे हातात आले की पोचूला पैसे देता येतील, आठ दिवसांत पुस्तक तिने लिहिलं तसं होईल. तिने चंचलकडे बघितलं ते ही पोरगी आणखी किती वर जाईल याचा अंदाज घेण्यासाठी.

चंचलने डाव्या हाताचा तळवा कानावर गच्च दाबून धरला होता. उजवा हात वर होता. भोंगा तिच्या डोक्यापासून दोन हातांवर होता. लच्छू प्रत्येक आकडा ओरडला की तिचा खांदा उडत होता आणि डोळे मिटत होते, आणि डोळे उघडले की ती पुढचा आकडा सांगत होती. दुसऱ्या कानावर हात ठेवला असता तर बोली लावता आली नसती. ती चिंचेखाली जाऊ शकत होती. तिथं जायला कोणी अडवलं नव्हतं.

"पंधराशे," प्रफुलभाऊ म्हणाले.

"पंधराशे दहा."

प्रफुलभाऊंचा हात पुन्हा वर जायला लागला. रिनाने मागून येऊन त्यांच्या कोटाची बाही धरली.

"भाऊजी, बस झालं."

"अगं, तुझंच पुस्तक..."

"असू द्या. हात खाली घ्या."

"माझे तीनशे फर्मे..."

"ते मी भरून देईन. महिन्याला शंभर. पण हात खाली घ्या."

प्रफुलभाऊंनी हात खाली घेतला. दुसऱ्या हातातला लिफाफा तसाच उघडा राहिला.

"पंधराशे दहा एक बार," लच्छू म्हणाला. "दोन बार. या वर्षीचा सगळ्यात महाग गूळ. तीन बार."

चंचलने पाकिटातून पंधराशे दहा रुपये मोजून दिले, पावती घेतली, पावतीवरची तारीख तपासली, आणि थैली उचलून चिंचेखाली गेली.

*

रिना तिच्याजवळ जाऊन बसली तेव्हा मांडवात भोपळे चालू झाले होते. स्टॉलवर आदेश एकटा उभा होता. 'माझी चंचल'च्या एकोणीस प्रती विकल्या गेल्या होत्या आणि घेणाऱ्यांनी त्या चार लिफाफ्यांसहच नेल्या होत्या. रुखमाबाईंनी त्याला उरलेल्या प्रती झाकून ठेवायला सांगितल्या होत्या.

"याचं काय करणार?" रिनाने थैलीकडे बोट दाखवलं.

"चुलीत टाकीन. पाणी तापते."

"बरं."

चंचल कानावरचा हात काढून बोटं मोकळी करत होती.

"आणखी कोणतं काढायचं आहे?" रिनाने विचारलं.

"काढायचं नाई. दुरुस्त करायचं आहे. पान चौदावर मी आठ वर्षांची लिवली आहे, मी नऊची होती. पान साठवर कुत्रा काळा लिवला, तो भुरका होता. अशा अकरा जागा आहेत."

"सांग मले. लिहून घेते." रिनाने पर्समधून पेन काढलं आणि हातातल्या प्रतीत चौदावं पान उघडलं. आठचे नऊ केले. कुत्रा भुरका केला. अकराव्या जागेपर्यंत पोचायला भोपळे संपून कोंबडे पुन्हा चालू झाले. मग ती पान सत्त्याण्णववर आली आणि चार लिफाफ्यांकडे बघत राहिली.

"इथं काय घालू मंग? भाऊजीचे लिफाफे तं ठेवता येत नाई."

"बसस्टँडच घाल."

"तूच तं नको म्हटलं."

"माझं नको म्हटलं. तुझं लिव. तू तवा काय करत होती ते त्यात नाईच. मी बाकाखाली होती, मले दिसलं नाई."

रिनाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. चंचल बाकाखाली शिरल्यावर ती काय करत होती, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आदेशला नाही, प्रार्थनेतही नाही. ती उसाच्या रसाच्या गाड्याजवळ जाऊन उभी राहिली होती. पाच मिनिटं, कदाचित सात. तिने एक ग्लास रसही मागवला होता. एका बाईने विचारलं होतं, ते पोरगी कोणाची आहे हो, आणि तिने म्हटलं होतं, माहीत नाई.

"सोळा पानं पुष्कळ होतात," ती शेवटी म्हणाली.

"मग आठ लिव," चंचल म्हणाली. "अर्धा फर्मा छापता येतो."